मुकादम आणि चौदा खुंट्या

मुकादमांच्या घरी चपला वाकड्या काढणाऱ्याला चहा उशिरा मिळायचा. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता. पण पाहुणा आत येऊन खुर्चीला टेकला, की मुकादम बोलत बोलत दाराशी जायचे, त्याच्या चपला पायानेच जोडून भिंतीलगत सरळ लावायचे, दोन पावलं मागे येऊन एक डोळा मिटून बघायचे आणि मगच स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणायचे, "अगं, चहा ठेव." पाहुण्याला वाटायचं, म्हातारा पाय मोकळे करतोय. बायकोला ठाऊक होतं, की बाहेर चपला वाकड्या असताना या माणसाच्या घशाखाली चहा उतरत नाही.

कापडाचे रंग बनवणारा कारखाना बंद पडून सोळा वर्षं झाली होती. त्या कारखान्यात हे आवाराचे मुकादम होते. यंत्रं चालवणारे आत, कागद रंगवणारे वर, आणि छपराबाहेरचं जेवढं म्हणून होतं तेवढं यांच्या ताब्यात: रस्ते, गटारं, कुंपण, रिकामी पिंपं, भरलेली पिंपं आणि कोपऱ्यातली बाग. कारखाना गेला, पगार गेला, भोंगासुद्धा भंगारात गेला. 'मुकादम' तेवढं अंगाला चिकटून राहिलं. खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं.

आणि उरली होती ढाल. बाहेरच्या खोलीत काचेच्या कपाटात, दोन फुलदाण्यांच्या मधोमध, 'सर्वांत स्वच्छ आवार' असं कोरलेली पितळी ढाल उभी असायची. शहरातल्या सगळ्या कारखान्यांमधून दर वर्षी एक कमिटी फिरायची आणि ही ढाल द्यायची. मुकादमांनी ती ओळीने अकरा वर्षं जिंकली. शेवटी कमिटीच कंटाळली आणि ढाल कायमची त्यांच्याकडे ठेवून घरी बसली. मुकादम ती दर रविवारी पुसायचे. बायको म्हणायची, "तिला पुसलंत त्याच्या निम्मं जरी लेकीचं नाक पुसलं असतंत, तर पोरीला माझ्याइतकीच तुमची सवय झाली असती."

"लेक माझ्यावरच गेलीय," मुकादम म्हणायचे. "बघ तिचं पाळणाघर. बावीस मुलं, बावीस खुंट्या, बावीस पिशव्या."

"आणि पलंगाखाली काय असतं, ते विचारा तिला."

हा टोला कुठे बसायचा ते मुकादमांना कळायचं, म्हणून ते वर्तमानपत्र उघडायचे. पाहुणे यायच्या आधी घर आवरायची त्यांची एक रीत होती. जे जे नजरेला खुपतं ते पलंगाखाली सारायचं, चादर जमिनीपर्यंत ओढायची आणि हात झटकायचे. मोडकी छत्री, जुने पंखे, तीन टेबललॅम्प, लेकीच्या शाळेच्या वह्या. त्यांच्या मते दिसत नाही ते नाहीच. बायकोने चाळीस वर्षांत तिथे वाकून बघितलं नव्हतं. संसार टिकवायचा तर माणसाने कुठे वाकायचं आणि कुठे नाही, हे ठरवून घ्यावं लागतं, असं तिचं म्हणणं.

तर, कारखान्याची ती जागा. भिंती पडल्या होत्या, पत्रे गेले होते, फाटकावर 'प्रस्तावित गृहप्रकल्प' अशी पाटी होती आणि तिच्यावर सहा वर्षं पक्षी बसून बसून 'प्रस्तावित' एवढंच वाचता यायचं. शेजारच्या वसाहतीत जुन्या कामगारांची चाळीस कुटुंबं दीड-दीड खोलीत राहत होती. त्यांना तिथे घरं मिळणार होती. पण घोडं अडलं होतं मातीपाशी. रंगाच्या कारखान्याखालची माती कशी निघेल कुणाला माहीत, म्हणून बांधणारा म्हणायचा, आधी तपासा. पालिका म्हणायची, मालकाने तपासावी. मालक कुठे आहे हे मालकाच्या बायकोलाही माहीत नव्हतं.

मग सरकारने एक योजना काढली. शहरातल्या अशा जुन्या, संशयित जमिनींची माती आधी तपासा, खर्च आम्ही देतो, बांधायचं ते नंतर बघू. पालिकेने अर्ज केला आणि सगळ्यांच्या आश्चर्याला पार राहिला नाही, कारण पैसे खरोखरच आले. मुदत एक वर्ष. मंजुरी चौदा छेदांची. जमिनीत चौदा ठिकाणी भोक पाडायचं, माती काढायची, प्रयोगशाळेत पाठवायची.

वसाहतीच्या सेक्रेटरींना ही भानगड काही केल्या पचेना. ते पूर्वी कारखान्यात कोठार सांभाळायचे आणि देताना दोनदा मोजून देण्याची त्यांना सवय होती. "म्हणजे बघा मुकादम," ते म्हणाले, "काही सापडलं नाही तर सरकारचे पैसे फुकट. सापडलं तर आपली घरं फुकट. असला उद्योग कुणी काढला?"

"काही सापडायचं नाही," मुकादम म्हणाले.

"नाहीच सापडता कामा. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, कुणी काही विचारलं तर जेवढ्यास तेवढं बोला. माझ्या आईला जिना चढवत नाही. तळमजला मागितलाय मी."

माती तपासायला आल्या त्या एक बाई होत्या. पस्तिशीच्या, उंच, बुटांना वाळलेला चिखल, पाठीवर एक पिशवी, आणि त्या पिशवीत फडकी, पेनं, अर्धवट खाल्लेलं सफरचंद आणि सरकारी कागद एका दिलाने नांदत होते. वसाहतीने पहिल्याच दिवशी त्यांना 'डॉक्टरीणबाई' करून टाकलं. छेद पाडण्याआधी जुन्या माणसांना भेटून कुठे काय होतं ते लिहून घ्यायचं, अशी त्यांच्या कामाची रीत होती. त्या मुकादमांकडे आल्या. चपला नव्हत्या, बूट होते. एक दारात राहिला आणि दुसरा पायरीवर. मुकादम दोनदा उठले.

"टाकाऊ माल कुठे जायचा, काका?" बाईंनी विचारलं.

"ट्रक यायचा."

हे खोटं नव्हतं. ट्रक यायचा. अकरा वर्षांत दोनदा आला होता.

"आणि हा कोपरा?" बाईंनी नकाशावर बोट ठेवलं. "इथे मी नऊ नंबरचा छेद धरलाय."

मुकादमांनी नकाशावरची नजर घाईने उचलली, ती थेट कपाटाकडे गेली आणि अंगात अकरा वर्षं संचारली. "तिथे बाग होती हो. पांढरी खडी, मधोमध बाक. मॅनेजरसाहेब रोज चारला तिथे चहा प्यायचे. त्या कोपऱ्यात तुम्हाला काडी सापडायची नाही." मग त्यांनी ढाल काढून दाखवली. बाईंनी ती हातात घेतली, मान डोलावली, नकाशावरचा नऊचा आकडा खोडला आणि बॉयलरच्या मागच्या ओळीत नेऊन लिहिला. "बरं झालं. तिकडे एक कमीच पडत होता."

बाई गेल्या. मुकादमांचा जीव भांड्यात पडला. तो तिथे बरोबर चार दिवस राहिला.

पाचव्या दिवशी पालिकेच्या सभागृहात नव्या घरांचा नकाशा लावला होता. आख्खी वसाहत बघायला लोटली. मुकादमही गेले, आणि गेल्या गेल्या त्यांनी तिरका लावलेला नकाशा सरळ केला. तेवढ्यात मागून लेक आली. हसत होती, म्हणजे काहीतरी लपवून ठेवलेलं सांगायला आली होती.

"बाबा, हे बघा. तळमजला, पाळणाघर. आणि समोर हा हिरवा तुकडा दिसतोय? मुलांना खेळायला मोकळी माती. खोदा, उकरा, काय वाटेल ते करा."

"छान आहे."

"जागा ओळखलीत का? तुमची बाग आहे ती. ते देत होते फाटकापाशी. मी म्हटलं, नाही, मला तोच कोपरा हवा. माझ्या वडिलांनी ठेवलेला आहे, शहरातली सगळ्यात स्वच्छ जागा. त्यांनी लगेच मान्य केलं."

मुकादमांनी हिरव्या तुकड्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. लेकीला वाटलं, बाबांना भरून आलं. आलं होतंच, फक्त कशाने ते वेगळं.

आता त्या बागेखाली काय होतं, ते सांगायला हवं. ढालीच्या पहिल्या वर्षाची गोष्ट. बॉयलरमागे रंगाच्या गाळाने भरलेली पिंपं उभी होती. न येणाऱ्या ट्रकची वाट बघून त्यांना गंज चढला होता. दुसऱ्या दिवशी कमिटी यायची होती. मॅनेजरसाहेब म्हणाले, "मुकादम, हे मला उद्या दिसायला नको." एवढंच म्हणाले. मुकादमांनी ते दिसू दिलं नाही. पाया खणायला आणलेलं यंत्र आवारातच होतं. संध्याकाळपर्यंत कोपऱ्यात खड्डा झाला, पिंपं आत गेली, वर माती, मातीवर गवताची लादी. ढाल मिळाली. पुढच्या वर्षी पुन्हा पिंपं साठली, पुन्हा कमिटी आली. त्या काळी पुरणं म्हणजे आवरणंच होतं. जमीन कशालाच नाही म्हणायची नाही, आणि विचारणारं कुणी नव्हतं. अकरा वर्षांत अकरा रांगा झाल्या. रांगेत आठ-आठ पिंपं. झाकणं वर, चिठ्ठ्या फाटकाच्या दिशेने, दोन पिंपांत वीतभर अंतर. जमिनीखाली चार हात, जिथे मुंगीसुद्धा बघायला जायची नाही, तिथेही मुकादमांनी वाकडं काही ठेवलं नव्हतं. वर गवत जगेना, म्हणून खडी घातली. खडीवर बाक ठेवला. मॅनेजरसाहेबांचं डोकं तिथे चहा पिताना रोज दुखायचं आणि ते वरून येणाऱ्या पत्रांना शिव्या द्यायचे.

नकाशा बघून आल्यावर त्या रात्री मुकादम जेवले नाहीत.

"काय झालंय?" बायकोने विचारलं.

"काही नाही. भूक नाही."

"भूक नसली की तुम्ही ताटातलं एका बाजूला सारून ठेवता. आज ताट आहे तसंच आहे. म्हणजे काहीतरी झालंय."

"समज," मुकादम म्हणाले, "एखाद्या माणसाने चुकून काहीतरी केलंय, आणि तो ते सांगायला गेला, तर त्याचं नाव जाईल. आणि नाही सांगितलं तर..."

"तो माणूस मी ओळखते का?"

"नाही."

"मग त्याला सांगा, जेवून घे. उपाशीपोटी नाव जास्त जातं."

बायकोने ताट झाकून ठेवलं. मुकादम आडवे झाले आणि छताकडे बघत एक बेत रचू लागले. सांगायचं तर नाही, पण सापडायला तर हवं. नाव शाबूत, माती साफ. आणि बेत सुचला तेव्हा त्यांना तो इतका सुटसुटीत वाटला की त्यांना झोपच लागली.

डॉक्टरीणबाईंनी आदल्या संध्याकाळी जागेवर खुंट्या ठोकल्या होत्या. चौदा खुंट्या, डोक्याला लाल रंग, अंगावर आकडा. सकाळी आठला छेद पाडायचं यंत्र यायचं होतं. मुकादम पहाटे साडेपाचला फाटकाशी हजर झाले. वॉचमनने जुन्या सवयीने सलाम ठोकला. मुकादम बॉयलरच्या मागच्या ओळीत गेले, नऊ नंबरची खुंटी उपटली, बारा पावलं मोजत बागेत गेले आणि जिथे बाक होता तिथे, बरोब्बर सहाव्या रांगेच्या डोक्यावर, ठोकली. काम झालं. कुणी बघितलं नाही. सात मिनिटं लागली.

ते फाटकापर्यंत गेले. तिथे त्यांनी मागे वळून बघितलं, आणि ते बघायला नको होतं.

मागच्या ओळीत सात, आठ, मग भगदाड, मग दहा. आणि पुढे एकटी नऊ, एखाद्या आगाऊ माणसाने रांग सोडून पुढे यावं तशी. मुकादमांनी तोंड फिरवलं. दोन पावलं गेले. हात शिवशिवायला लागले. त्यांनी हात खिशात घातले. ते खिशातही शिवशिवत राहिले.

"विसरलं काय?" वॉचमनने विचारलं.

"एक मिनिट," म्हणून मुकादम परत गेले.

आधी त्यांनी आठ आणि दहा पुढे आणल्या, नऊला सोबत म्हणून. मग सात मागे राहिलेली बघवेना. ती आणल्यावर पुढची ओळ फार जवळ वाटायला लागली, म्हणून तीही सरकवली. पुढची सरकल्यावर फाटकाकडच्या तीन खुंट्यांना काही अर्थ राहिला नाही. शेवटी त्यांनी वॉचमनकडून सुतळी मागून घेतली, या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणली, आणि चौदाच्या चौदा खुंट्या समान अंतरावर उभ्या केल्या. मान तिरपी करून, एक डोळा मिटून बघितलं. अशी सुरेख जागा सोळा वर्षांत झाली नव्हती. घाम पुसता पुसता त्यांचं लक्ष आकड्यांकडे गेलं. अंतरं सारखी करण्याच्या नादात नऊ नंबर बागेतून सरकून रस्त्यावर आला होता. बागेत कुणीच नव्हतं.

आणि फाटकातून यंत्र आत येत होतं.

यंत्रावर होता ड्रिलवाला. हा गडी कायम काहीतरी चघळत असायचा आणि जगाकडे सुट्टीवर आल्यासारखा बघायचा. त्याच्यामागून डॉक्टरीणबाई आल्या. त्या आत येऊन थांबल्या. नकाशाकडे बघितलं, खुंट्यांकडे बघितलं, पुन्हा नकाशाकडे.

"मॅडम, आज खुंट्या फार शहाण्या दिसतायत," ड्रिलवाला म्हणाला.

"या माझ्या नाहीत," बाई म्हणाल्या. "म्हणजे खुंट्या माझ्याच आहेत. पण माझ्या कधी इतक्या सरळ नसतात."

मुकादम सुतळीचं भेंडोळं पाठीमागे धरून उभे होते. सुतळीचं टोक जमिनीवर लोंबत होतं.

बाई त्यांच्यापाशी आल्या. रागावलेल्या नव्हत्या, नाडी बघायला घेतलेल्या डॉक्टरासारख्या दिसत होत्या. "काका, या शहरात असं कोण करेल, ते मला त्या दिवशी तुमच्या दारात बूट घालताना कळलं होतं. दोन्ही बूट शेजारी शेजारी, नाड्या आत खोचलेल्या. कोणती हलवायची होती?"

मुकादमांनी सुतळीचं टोक पायाखाली दाबलं.

"चौदा कुणी हलवत नाही. एक हलवायची होती, बाकीच्या तुम्हाला राहवलं नाही म्हणून हलल्या. कोणती?"

या वाक्यापुढे मुकादमांचा सगळा बंदोबस्त ढासळला. आयुष्यभर लोकांनी त्यांना व्यवस्थित म्हटलं होतं; कुणी त्यांना असं आत हात घालून ओळखलं नव्हतं. "नऊ," ते म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. सुरुवात खाली मान घालून झाली. पण सांगता सांगता पिंपांच्या रांगा आल्या, वीतभर अंतर आलं, चिठ्ठ्यांची दिशा आली, आणि मान हळूहळू वर यायला लागली. शेवटी तर ते काठीने मातीत आकृती काढून दाखवत होते. "अकरा आडव्या, आठ उभ्या. तुम्ही इथे भोक पाडलंत तर सहावीतलं चौथं पिंप. इकडे पाडलंत तर दोन पिंपांच्या मधून जाईल, काही फुटायचं नाही."

"काका, मी वीस जागा बघितल्या," बाई म्हणाल्या. "लोक म्हणतात, कुठेतरी काहीतरी टाकलं होतं बुवा. पुरलेल्याची बैठकव्यवस्था सांगणारे तुम्ही पहिलेच."

"मला आत टाकतील का?"

"ते माझं काम नाही. माझं काम एवढंच, की हे या वर्षी, या पैशात सापडायला हवं. तपासणीत सापडलं, तर साफ करायला सरकारकडे पुढचा निधी मागता येतो. मी स्वच्छ म्हणून लिहून मोकळी झाले असते आणि उद्या पाया खणताना निघालं असतं, तर कुणी दमडी दिली नसती. आणि खणणाऱ्याच्या अंगावर गेलं असतं ते वेगळंच." त्यांनी पिशवीतून एक चुरगळलेला कागद काढला. "ही जबानी. सही लागेल. वसाहतीत नावासकट कळणार, ते मात्र टळायचं नाही."

"सही करतो," मुकादम म्हणाले. "पण आधी तासभर द्या. लेकीला दुसऱ्या कुणाकडून कळता कामा नये."

"तोवर मी माझ्या खुंट्या वाकड्या करून ठेवते," बाई म्हणाल्या.

पाळणाघरात ती मुलांची झोपायची वेळ होती. पहाटेच आणून सोडलेली चिल्लीपिल्ली दहाच्या सुमाराला एकदा आडवी व्हायची. पडदे ओढलेले, बावीस छोट्या गाद्या, आणि मधोमध लेक मांडीवर एकाला थोपटत बसलेली. तिने ओठांवर बोट ठेवलं. त्यामुळे मुकादमांना आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट कुजबुजत सांगावी लागली.

"त्या बागेखाली पिंपं आहेत," ते कुजबुजले.

"कसली?"

"गाळाची. मीच पुरलीयत. अठ्ठ्याऐंशी."

लेकीचं थोपटणं थांबलं. मांडीवरच्याने कुरकुर केली. ते पुन्हा सुरू झालं, पण आता जरा जोरात. "बाबा, तिथे मी मुलांना खेळवणार होते," ती कुजबुजली. कुजबुजीत एवढा राग मावतो हे मुकादमांना माहीत नव्हतं. "मी सगळ्यांच्या आयांना सांगून बसलेय. माझ्या बाबांची जागा म्हणून. ही पोरं माती खातात हो, बाबा. मूठ मूठ खातात."

"म्हणून तर सांगायला आलो."

"त्या बाई घरी आल्या होत्या तेव्हा का नाही सांगितलंत?"

याला उत्तर होतं, पण ते फार लहान होतं आणि काचेच्या कपाटात मावत होतं. मुकादम म्हणाले, "लाज वाटली."

"आणि आज नाही वाटली?"

"आज जास्त वाटतेय."

लेकीने मांडीवरच्याचं पांघरूण वर ओढलं. ओरडायला तिला जागा नव्हती, रडायलाही नव्हती, आणि समोरचा म्हातारा बोलता बोलता एका गादीचा दुमडलेला कोपरा सरळ करत होता. "हात लावू नका," ती कुजबुजली. "ती उठेल." मुकादमांनी हात मागे घेतला. कोपरा दुमडलेलाच राहिला. ते तसेच बाहेर पडले, आणि दारातल्या बावीस जोडी बुटांकडे त्यांचं लक्षही गेलं नाही.

दुपारी बातमी वसाहतभर झाली. दोन वाजता ड्रिलवाल्याने यंत्र बागेत उभं केलं, तेव्हा कुंपणाबाहेर निम्मी वसाहत जमली होती. मुकादम आत, बाईंच्या शेजारी उभे होते. त्यांनी दाखवलेल्या जागी खुंटी होती आणि ती जरा कललेली होती. त्यांनी ती तशीच राहू दिली.

"मुकादम, मी तुम्हाला अकरा वर्षं सुतळी दिली, खडी दिली," कुंपणापलीकडून सेक्रेटरी म्हणाले. "एका शब्दाने बोलला नाहीत."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"रंगाच्या कारखान्यात पिंपं कमी कशी होतात, हे मी का विचारू? माझी मोजदाद जुळत होती." एवढं बोलून सेक्रेटरी स्वतःच थबकले. आजूबाजूचे चार-पाच जुने कामगार अचानक यंत्राकडे फार लक्षपूर्वक बघायला लागले. खड्ड्याचं यंत्र कुणी चालवलं होतं आणि माती कुणी ओढली होती, ते त्यांच्यापैकी कुणाच्याच लक्षात नसावं.

यंत्र सुरू झालं. नळी खाली गेली. पहिली भरून वर आली ती तपकिरी मातीने. दुसरीही तपकिरी. कुंपणाबाहेर कुणीतरी म्हणालं, "उगाच हो. काही नाहीय." मुकादमांना क्षणभर वाटलं, खरंच काही नसलं तर? आणि त्यांचं त्यांनाच नवल वाटलं, की सापडावं असंच ते मनात म्हणत होते.

तिसरी नळी वर आली. बाईंनी हातमोजे बदलले, नळी उभी चिरली, आणि आतून जांभळा रंग निघाला. नुसता जांभळा नाही. वर जांभळा, मग हिरवट, मग विटकरी, एकावर एक थर. पिकून सडलेल्या फळासारखा गोडसर वास सुटला.

"कुणी पुढे येऊ नका," बाई म्हणाल्या. ड्रिलवाल्याने चघळायचं थांबवलं. तो कधी थांबल्याचं कुणी बघितलं नव्हतं.

बाईंनी काचेच्या बाटल्या भरल्या, चिठ्ठ्या लावल्या, थंड पेटीत ठेवल्या. मग त्या कुंपणापाशी गेल्या आणि सगळ्यांना समजेल असं सांगितलं: माती उचलून न्यावी लागेल, त्यासाठी आता पुढचा निधी मागायचा, घरं लांबणार, दीड वर्ष तरी. पण होणार. एक मोठा सुस्कारा कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला.

"दीड वर्ष," सेक्रेटरी म्हणाले. "माझी आई अठ्ठ्याऐंशीची आहे हो."

"पिंपंही तेवढीच आहेत," ड्रिलवाला म्हणाला, आणि सगळ्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुन्हा चघळायला लागला.

लोक पांगायला लागले. जाताना बरेच जण मुकादमांकडे न बघता गेले. दोघं-तिघं बघून गेले, ते जास्त लागलं. मुकादम फाटकाबाहेर येऊन उभे राहिले. कुठल्या दिशेला जावं, हे त्यांना ठरवता येईना. घरी बायको होती, आणि तिला दुपारी सगळं कळूनही तिने एक शब्द विचारला नव्हता.

तेवढ्यात समोरून लेक आली. दोरी धरून चालणारी दहा-बारा मुलं, मागे एक मुलाला घ्यायला आलेली आई. संध्याकाळची फिरायची वेळ. आईने कुंपणातून आत डोकावलं, जांभळ्या मातीचा ढीग बघितला आणि मुलाला चटकन कडेवर घेतलं.

"बाई गं. आपल्या पोरांना इथेच खेळायला मिळणार होतं ना? कुणी काढलं हे?"

मुकादमांपासून पाच पावलांवर लेक उभी होती. तिने त्यांच्याकडे बघितलं नाही. दोरीच्या टोकाच्या मुलीची टोपी नीट केली.

"माझ्या बाबांनी," ती म्हणाली.

"शोधून काढलं?"

"पुरलं पण त्यांनीच. आणि दाखवलं पण त्यांनीच."

दोन्ही वाक्यं तिने सरळ सांगितली, काही झाकलं नाही. पण दुसरं जरा मोठ्याने म्हणाली, पांगणाऱ्या माणसांना ऐकू जाईल इतकं. मग तिने दोरीचं मोकळं टोक मुकादमांपुढे धरलं. "धरा, बाबा. मागची दोघं फार रेंगाळतात."